सेत्तीमिओची मागची खोली

बहात्तर वर्षांचा होईपर्यंत सेत्तीमिओ ब्रांदोनीला स्वतःविषयी एकही शंका आली नव्हती. तशी आमच्या रोक्कामेल्लात शंका फारशा कोणाला येतच नाहीत. पण सेत्तीमिओचं पाणी वेगळं. तो कारंजे आळीचा. बाप कारंजे आळीचा, आजा कारंजे आळीचा, आधीची सहा भावंडं कारंजे आळीची, आणि हा शेंडेफळ सातवा. धंदा खोगिरं शिवण्याचा. गळ्यात आळीचा निळा-पांढरा रुमाल. तो झोपताना तरी काढतो का, असं आम्ही त्याच्या बायकोला विचारायचो, आणि ती बिचारी होती तोवर उत्तरादाखल लाटणं दाखवायची.

जितकं प्रेम कारंज्यावर, तितकंच वैर घंटा आळीशी. घंटेवाल्यांचे रंग लाल आणि पिवळा. ताटात टोमॅटो आणि पिवळी मिरची शेजारी शेजारी आली, तर सेत्तीमिओ त्यांतलं एक काहीतरी आधी खाऊन टाकायचा. "घंटा फुटकी, आई नकटी!" ही आमच्या गावातली जुनी शिवी तो चार वर्षांचा असल्यापासून जेवणाच्या टेबलावर चमच्याने ताल धरून गायचा. बाप खूश होऊन त्याला वाइनचा घोट द्यायचा. आई नोरिना पदराआड म्हणा, एप्रनाआड म्हणा, तोंड झाकून हसायची आणि त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी वाढायची.

ज्यावरून हे सगळं चालतं तो खेळ म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारची झुंज. चार आळ्यांचे चार स्वार एकेक करून लाकड्यावर घोडा घालतात. लाकड्या म्हणजे खांबावर बसवलेला लाकडी शिपाई. त्याच्या एका हातात ढाल, ढालीवर एक ते पाच गुणांचे चौकोन. दुसऱ्या हातात साखळ्यांना बांधलेले चामड्याचे गोळे. भाला ढालीवर बसला की लाकड्या गर्रकन फिरतो, आणि स्वार जरा रेंगाळला की गोळे पाठीत बसतात. भाला मोडला तर गुण दुप्पट. ही प्रथा सहाशे वर्षांची आहे असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. मधली अडीचशे वर्षं तिच्याकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं आणि युद्धानंतर गावातल्या औषधवाल्याने जुने कागद उकरून ती पुन्हा सुरू केली, हे सांगत नाही.

तिचे नियम पुष्कळ आहेत. त्यांतला एक असा, की स्वाराच्या हातात भाला द्यायचा तो त्याच आळीत जन्मलेल्या माणसाने. परक्या हातचा भाला ढालीला लागत नाही म्हणे. आणि भाला मोडला, तर उरलेला तुकडा स्वाराने ज्याच्या हातून भाला घेतला त्यालाच परत आणून द्यायचा. हा नियम त्या जुन्या कागदांतला की औषधवाल्याच्या डोक्यातला, असा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. औषधवाल्याचा नातू ग्वाल्तिएरो आज ते दुकानही चालवतो आणि कारंजे आळीचा कप्तानही आहे. खोकल्याचं औषध त्याच्याकडूनच घ्यावं लागतं.

एकेचाळीस वर्षं कारंजे आळीचा भाला सेत्तीमिओ देत आला. त्यात आळी अकरा वेळा जिंकली. मोडक्या भाल्यांचे सात तुकडे त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले आहेत आणि पाहुणा आला की कॉफीच्या आधी त्याला ते बघावे लागतात. यंदा भिंतीत आठवा खिळा ठोकून तयार होता. कारण यंदा आळीची स्वार होती ओत्ताविया, त्याच्या मुलाची मुलगी, चोवीस वर्षांची. पहिलीच झुंज. तिचं खोगीर त्यानेच शिवलं होतं, भाल्याच्या मुठीची चामड्याची पट्टी त्यानेच गुंडाळली होती, आणि त्यानंतर आपण हे काम सोडायचं, असंही मनाशी ठरवलं होतं. नातीच्या हातात एकदा भाला द्यायचा, बस. एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. झुंजीला तीन आठवडे असताना स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधल्या दाराच्या चौकटीला ओल आली. मागच्या खोलीत कांदे-बटाटे असायचे; ते सडू नयेत म्हणून त्याने गवंड्याला बोलावलं. गवंडी नेल्लो घंटा आळीचा. पण ओल ती ओल, तिला आळी नसते. नेल्लोने गिलावा ठोकून काढला आणि थांबला. मग त्याने ओल्या फडक्याने भिंत पुसली, चष्मा लावला आणि आनंदाने शीळ घातली.

"सेत्तीमिओ, जरा इकडे या हो."

चौकटीत एक दगड होता. त्याच्या स्वयंपाकघराकडच्या अंगावर कारंजं कोरलेलं. मागच्या खोलीकडच्या अंगावर घंटा.

"हे काय आहे?" सेत्तीमिओ म्हणाला.

"हद्द आहे," नेल्लो म्हणाला. "इथून कधीकाळी बोळ जात असणार. कमान बुजवून कोणीतरी खोली काढली. म्हणजे तुमचे कांदे आमच्या आळीत आहेत, काका. भाडं लावू का?"

सेत्तीमिओ हसला. कांद्यांवरचा विनोद चांगलाच होता. मग नेल्लोने हत्यारं गोळा करता करता सहज विचारलं, "पण काय हो, तुम्ही कुठल्या खोलीत जन्मलात?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते नुसतं म्हणण्यापुरतं असतं, असं सेत्तीमिओला तोवर वाटायचं. तो मटकन खुर्चीत बसला. कुठल्या खोलीत जन्मला? घरात जन्मला एवढं ठाऊक होतं. दाखल्यावर घराचा नंबर होता; खोली कोण लिहितो?

नेल्लो दुपारपर्यंत घरी पोचला, त्याआधीच बातमी पोचली होती. संध्याकाळी घंटा आळीचे वीसेक लोक एक ढोल आणि बडीशेप घातलेल्या बिस्किटांचं ताट घेऊन सेत्तीमिओच्या दाराशी हजर. "आपला माणूस!" ते ओरडत होते. त्यांचं म्हणणं असं, की भाला देणारा हात घंटेचा असेल, तर त्या अकरा झुंजी कारंज्याने जिंकल्या कशा? त्या घंटेच्याच धरायला हव्यात. कारंजे आळीचे लोक म्हणाले, की परक्या हातचा भाला लागतच नाही, आणि अकरा वेळा तर तो लागला, म्हणजे हात आपलाच. यावर घंटेवाले म्हणाले, मग उरलेल्या तीस वेळा का नाही लागला? दोन्ही बाजूंचं म्हणणं सेत्तीमिओला पटत होतं, हीच तर पंचाईत.

मग त्याचे हाल सुरू झाले. सकाळी कॉफीला कारंज्याच्या कट्ट्यावरच्या दुकानात जायचा त्याचा पन्नास वर्षांचा परिपाठ. दुसऱ्या दिवशी तो दारापर्यंत गेला, आत आपले दोस्त बसलेले पाहिले, आणि आपल्याला आत जायचा हक्क आहे की नाही हे न कळून परत फिरला. वाटेत घंटा आळीच्या बेकरीचा वास आला. तो वास त्याला नेहमी घाणेरडा वाटायचा. आज चांगला वाटला, आणि त्यामुळे तो आणखीच घाबरला. रुमाल गळ्यात घातला की चोरी केल्यासारखं वाटे, काढला की उघडं पडल्यासारखं. ऐकावे जनाचे करावे मनाचे, हे ठीक आहे. पण मनाचं करायला मनात काहीतरी ठरलेलं असावं लागतं.

आठवडाभराने ग्वाल्तिएरो आला. त्याने दगड बघितला, दोन्ही अंगांनी चाचपला.

"हे बघा, सेत्तीमिओ," तो हळू आवाजात म्हणाला, "दगड खोटा म्हणता येत नाही. माझ्याच आजोबांच्या कागदांत त्याची खूण आहे, मी काल बघितली. पण प्रश्न फक्त खोलीचा आहे. तुम्ही पुढे जन्मला असाल, तर काही झालंच नाही. आणि तुमचा जन्म इकडचाच असणार. फेब्रुवारीच्या थंडीत बाळंतीण चुलीपासून लांब कोण ठेवतो?"

"मी सप्टेंबरचा," सेत्तीमिओ म्हणाला. "झुंजीच्या दिवशीचा."

"तरीही चूल ती चूल. तुम्ही म्हणाल ते आळी मानेल. मी काय, कोणीच उलट विचारणार नाही." एवढं बोलून ग्वाल्तिएरोने डोळे मिचकावल्यासारखं केलं, आणि मग आपण तसं केलं याची लाज वाटून खोकला.

सेत्तीमिओ मोठी बहीण एर्सीलियाकडे गेला. सात भावंडांत आता ही दोघंच उरली होती. एर्सीलिया ब्याऐंशीची, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आता यात गंमत अशी, की साठ वर्षांपूर्वी तिने लग्न केलं ते घंटा आळीतल्या लोहाराशी. म्हणजे एकुलती एक साक्षीदार, आणि तीही शत्रूच्या घरात नांदणारी.

"एर्सी, मी कुठल्या खोलीत जन्मलो गं?"

ती शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "मागच्या."

"मागच्या?"

"नाही नाही. स्वयंपाकघरात. चुलीशेजारी गवत पसरलं होतं."

"गवत? माझ्यासाठी?"

"थांब, ती बकरी. बकरी स्वयंपाकघरात व्यायली. तू वरच्या मजल्यावर."

"अगं, आपल्या घराला वरचा मजला कुठे आहे?"

"मग मला काय विचारतोस?" एर्सीलिया म्हणाली. "ब्याऐंशी वर्षांच्या बाईला बकरी आठवली हेच पुष्कळ. शेंगा सोलू लाग."

त्याने तासभर शेंगा सोलल्या आणि आला तसा परत गेला. म्हातारी मस्करी करते आहे, की लपवते आहे, की खरंच विसरली आहे, हे त्याला कळेना. ओत्ताविया रोज संध्याकाळी घोड्याला पळवून यायची आणि विचारायची, "आजोबा, भाला तुम्हीच देणार ना?" तो म्हणायचा, "बघू." आयुष्यात पहिल्यांदा तो तिला बघू म्हणत होता, आणि ती घोड्याच्या आयाळीत बोटं फिरवत उभी राहायची.

झुंजीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो पुन्हा बहिणीकडे गेला. या वेळी बसलाच नाही. दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"एर्सी, मस्करी नको. उद्या पोरगी घोड्यावर बसणार आहे. माझ्या हातून भाला घेऊन जर तिला काही झालं, तर मी जगायचा नाही. आणि भाला दिलाच नाही, तरी जगायचा नाही. तू सांग आणि मला मोकळा कर."

एर्सीलियाने हातातली शेंगांची पाटी खाली ठेवली.

"आता नीट विचारलंस," ती म्हणाली. "आईने मला शपथ घातली होती. कोणी विचारलं नाही तर बोलू नकोस. मस्करीत विचारलं तर बकरीचं सांग. पण तो स्वतः मनापासून विचारेल, तेव्हा खोटं बोलू नकोस."

आणि तिने सांगितलं. आई नोरिनाचं माहेर घंटा आळीचं, हे सेत्तीमिओला ठाऊक होतं; पण आमच्याकडे बाई लग्न होऊन आली की तिची आळी कोणी मोजत नाही, म्हणून त्यानेही कधी मोजली नव्हती. तिचं माहेर म्हणजे मागच्या भिंतीपलीकडचंच घर. लहानपणी या घरात येता-जाता ती त्या दगडापाशी खेळलेली. लग्नाआधी दगड तिला ठाऊक होता, आणि तो चुलीच्या काजळीने माखलेला असल्यामुळे सासरच्यांना पत्ताही नव्हता. सहा बाळंतपणं पुढे, स्वयंपाकघरात झाली. सहा वेळा नवऱ्याने पोर उचलून कारंज्यावर नेलं, टाळूवर पाणी घातलं, ढोल वाजवले.

"तुझ्या वेळी बाबा मैदानावर होते," एर्सीलिया म्हणाली. "झुंज रंगात आलेली. घरात आई, सुईण आणि मी. आई एकदम उठली आणि म्हणाली, खाट मागच्या खोलीत ओढा. सुईण म्हणाली, वेड लागलं का नोरिना? आई म्हणाली, सहा त्यांना दिले. हा एक माझा. मीच पायाकडून ढकलली रे खाट. दहा वर्षांची होते मी. दारात अडकली तेव्हा आईने स्वतः खाली उतरून जोर लावला. त्या अवस्थेत. आणि चौथ्या दिवशी उठून तिने दगडावर चुना फासला, जाड, तीन हात."

"आणि बाबा?"

"बाबा आले ते जिंकूनच आले. तुला उचललं आणि कारंज्यावर नेलं. त्यांना काय, पोर ते पोर."

सेत्तीमिओ उभाच होता. त्याला आठवलं, की त्याच्या वाढदिवसाचा केक आई नेहमी मागच्या खोलीत कापायची. बाकीच्यांचे स्वयंपाकघरात, त्याचा मात्र कांद्यांच्या ढिगाशेजारी. तिथे गार असतं म्हणायची. आणि दरवर्षी पहिला तुकडा त्याच्या तोंडात घालताना इकडेतिकडे बघायची.

"मग मी कोण, एर्सी?"

"मला काय विचारतोस? जन्म तिचा, पाणी त्यांचं."

त्या संध्याकाळी तो ग्वाल्तिएरोच्या दुकानात गेला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता आणि तो शब्द ऐकायला सगळे कान टवकारून उभे होते.

"मागच्या," सेत्तीमिओ म्हणाला.

ग्वाल्तिएरोचा चेहरा पडला. "नक्की?"

"नक्की. आई खोटी पडेल असं मी बोलणार नाही."

"नियम आहे हो," ग्वाल्तिएरो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "माझ्या आजोबांचा..." एवढं म्हणून तो खोकल्याच्या औषधाची बाटली पुसू लागला.

रविवारी सकाळी सेत्तीमिओने भाला कारंजे आळीतच जन्मलेल्या न्हावी दुइलिओच्या हवाली केला. कसा धरायचा, कुठल्या क्षणी सोडायचा, घोडा डावीकडे मान टाकतो, सगळं दोनदा सांगितलं. मग तो मैदानावर गेला आणि कुठे बसावं हे न कळून कुंपणापाशी उभा राहिला. इकडे आड तिकडे विहीर. एकेचाळीस वर्षं त्याची जागा मैदानाच्या आत होती; बाकांवरून झुंज कशी दिसते हेच त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी घंटेवाल्यांच्या बाकांवरून एका म्हातारीने हाक मारली. फिलोमेना तिचं नाव, नोरिनाची भाची.

"अरे ये इकडे! उभा काय राहतोस खांबासारखा, लाकड्या समजून कोणी भाला मारेल."

तिने बाकावर जागा केली, भाजलेल्या डुकराचं मांस भरलेला पाव त्याच्या हातात कोंबला आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. "कान नोरिनाचेच आहेत," ती म्हणाली. "सत्तर वर्षं टोपीखाली लपवून हिंडलास."

पहिल्या दोन आळ्यांचे स्वार धडपडले. घंटेचा स्वार आला, पाच गुण घेऊन गेला, आणि भोवतीची सगळी माणसं उसळली. फिलोमेनाने सेत्तीमिओच्या पाठीत धपाटा घातला. तो हसला का, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

मग ओत्ताविया आली. घंटेवाले उठून शिट्ट्या मारू लागले. शत्रूच्या स्वाराला शिट्ट्या मारायच्या असतात, तो रिवाजच आहे. सेत्तीमिओही सगळ्यांबरोबर उठला होता. तोंडात पाव होता, बोटं ओठांशी गेली होती, आणि त्याच्या घशातून शिट्टी येईना की जयजयकार येईना. दुइलिओ भाला घेऊन पुढे झाला. ओत्तावियाने भाला घेतला, मुठीवरची चामड्याची पट्टी अंगठ्याने चाचपली आणि घोडा सोडला.

भाला चार गुणांच्या चौकोनात बसला आणि कडाडून मोडला. चार दुणे आठ. कारंजे आळी जिंकली.

सेत्तीमिओ ओरडला. घंटेवाल्यांच्या मधोमध उभा राहून तो असा ओरडला की पुढच्या सहा रांगांनी मागे वळून पाहिलं. कोणीतरी म्हणालं, "याला बाहेर काढा." फिलोमेना म्हणाली, "हात तर लावून दाखव. आमच्या नोरिनाचा आहे तो."

तिकडे दुइलिओ हात पुढे करून तुकडा घ्यायला उभा होता. ओत्तावियाने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि घोडा त्याच्या शेजारून पुढे काढला. सगळं मैदान ओलांडून ती घंटेवाल्यांच्या कुंपणाशी आली. शिट्ट्या थांबल्या.

"आजोबा," ती म्हणाली, "पट्टी तुम्ही गुंडाळली होतीत ना? मग धरा."

त्याने धरला. त्यानंतर जो गोंधळ झाला तो अजून मिटलेला नाही. ग्वाल्तिएरो धावत आला आणि नियम मोडला म्हणून ओरडला; मग नियम मोडला तर विजयही गेला, हे लक्षात येऊन तिथल्या तिथे नियम मोडला नाही म्हणून ओरडू लागला. नेल्लो गवंडी म्हणत होता, तुकडा घंटेच्या कुंपणात आला, म्हणजे अकरा आणि एक बारा. दोन्ही आळ्यांचे ढोल एकदमच वाजायला लागले.

सेत्तीमिओ तुकडा काखेत मारून घरी आला. उन्हं अजून भिंतीवर होती. आठवा खिळा स्वयंपाकघरात वाट बघत होता. तो खिळ्यापाशी गेला, थांबला, मग दाराच्या चौकटीपाशी गेला आणि दगडावर हात ठेवून उभा राहिला. मग आत गेला. कांद्यांची टोपली पायाने सरकवली, बटाट्यांच्या खोक्यावर बसला. खाट इथे असणार, त्याने अंदाज बांधला. डोकं भिंतीकडे असणार. नातीने झुंज जिंकली होती, म्हणून त्याला आनंद होत होता. आईची आळी हरली होती, म्हणून वाईट वाटत होतं. आणि आपल्याला वाईट का वाटावं, म्हणून रागही येत होता. बाहेर कारंजे आळीची पोरं गात गात चालली होती. "घंटा फुटकी, आई नकटी!" शब्द खिडकीतून स्पष्ट आत येत होते. सवयीने त्याचा पाय ताल धरू लागला आणि मग थांबला.

"आई," तो मोठ्याने म्हणाला, आणि म्हातारा रडायला लागला. "हे मी तुझ्या तोंडावर गायचो गं. रोज. जेवताना. आणि तू वाढत राहिलीस. एकदा तरी थोबाडीत द्यायची होतीस."